मिशी वाढेपर्यंत नाशिक

शिमग्याला घरी आलो तसं गावात ज्याला त्याला नाशिक ऐकायचं आहे. म्हाताऱ्यांना पंचवटी ऐकायची आहे, पोरांना वीज दिसते कशी ते, आणि बायकामाणसांना फक्त मिशीची हकिकत. वाचनालयाच्या हस्तलिखित अंकाचे मास्तर शेवटी म्हणाले, "तोंडाने किती वेळा सांगशील? एकदा लिहून टाक, ज्याला हवं तो वाचील." माझी शाळा मराठी सहावीला सुटली. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. त्या गावाने मला बरंच सांभाळून घेतलं, तर आपलं गाव घेईलच.

जायचं कारण असं. कुडाळ-सावंतवाडीकडे तंबूचा सिनेमा फिरायचा, त्याच्या डायनामोवर मी होतो. मालकाने तंबू गुंडाळला आणि मी घरी बसलो. बाबा तरीवर होडी चालवणारे, मागे दोन बहिणी. एक दिवस बाजारातून शेंगदाणे आले त्या कागदावर जाहिरात होती: नाशकाच्या वीज कंपनीला एक इलेक्ट्रिक इंजिनिअर, त्याचा एक मदतनीस आणि काही वायरमन हवेत, दाखले घेऊन समक्ष भेटावे. माझ्यापाशी दाखला एकच, तंबूच्या मालकाच्या हातचा: "हा मुलगा अंधार पडू देत नाही." तेवढ्यावर निघालो. आईने आमसुलांचं मडकं दिलं, तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधून. बाबा बंदरापर्यंत आले. बोटीची शिटी झाली तेव्हा म्हणाले, "पोचलस की कार्ड घाल. तार नको हां. तारेन फक्त मरणां येतत."

नाशिकरोड

बोटीचं आणि आगगाडीचं काय लिहायचं, दोन्हीकडे मी ओकत होतो. नाशिकरोडला उतरलो तर ही थंडी! आपल्याकडे पौषात अंगावर पंचा पुरतो. इथे घोड्याच्या नाकातून वाफ निघत होती. शहर स्टेशनापासून लांब. करीमचाचा नावाच्या म्हाताऱ्या टांगेवाल्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं: उतरलेलं तोंड, लाल डोळे, छातीशी धरलेलं मडकं. त्याने काही विचारलं नाही. बाकीच्यांचं सामान त्याने पायाने आत ढकललं होतं. माझ्या मडक्याला मात्र आधी हात जोडले, मग दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या बाजूला गादीवर ठेवलं.

मला वाटलं, काय ही माणसं! परक्याच्या आमसुलांनासुद्धा एवढा मान.

"चाचा, वीज कंपनीच्या कचेरीत जायचंय."

"जाऊ बेटा, सगळीकडे जाऊ. पहले रामकुंड. आधी ते, मग दुनियेची कामं."

मी म्हटलं, इथली रीत असेल. मुलाखतीआधी तोंड धुऊन दाढी करायची तर होतीच.

रामकुंड

आपली खाडी भरते-ओसरते आणि कोणाला काही विचारत नाही. गोदावरी तशी नाही. इथे तिला दगडी कुंडांत बसवली आहे, आणि पायरीपायरीवर माणसं तिच्याकडे काही ना काही मागत उभी. पाण्यात फुलं, द्रोण, भाताचे गोळे. घाटावर न्हाव्यांची रांग. मी दगडूनाना नावाच्या न्हाव्यासमोर बसलो, मडकं शेजारी ठेवलं आणि म्हटलं, "नाना, जरा नीट करा. मोठ्या लोकांपुढे जायचंय."

तो गंभीरपणे म्हणाला, "सगळ्यांनाच जायचं हाय बाबा."

त्याचं पाणी कोमट होतं, हात हलका होता, आणि दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिथेच बसल्या बसल्या मला झोप लागली. जाग आली ती टाळूवर वारा लागल्याने. डोक्यावर हात फिरवला तर मागे एक शेंडी तेवढी शिल्लक. ओठांवर फिरवला तर मिशी नाही!

आता हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. नुसती मिशी काढली असती तर लोक म्हणाले असते, सिनेमातून आलाय, नट झाला. नुसतं डोकं केलं असतं तर म्हणाले असते, तीर्थाला आलाय. पण डोकं आणि मिशी दोन्ही गेली की त्याचा अर्थ सगळ्या मुलखात एकच. बाप गेला.

"नाना, हे काय केलंत? माझे वडील जिवंत आहेत!"

दगडूनानाचा वस्तरा हवेतच थांबला. त्याने मडक्याकडे पाहिलं. "मग ह्याच्यात काय हाय?"

"आमसुलं!"

त्याने वस्तरा फडक्याला पुसला. मग म्हणाला, "आरं, हितं बसणाऱ्याला आम्ही इचारत नाय. इचारलं की माणूस रडतो. रडला की मान हालते, आन मान हालली की वस्तरा लागतो. माझ्या बापानं मला पैलं हेच शिकिवलं: त्वांड बघायचं, सामान बघायचं, इचारायचं नाय." त्याने पैसे घेतले नाहीत. पण मिशी काही परत देता येईना.

कंपनीची कचेरी

कचेरीच्या ओसरीवर उमेदवार बसले होते. मी गेलो तसे सगळे उठून उभे राहिले आणि बाकाचं एक टोक मला एकट्याला मोकळं करून दिलं. गद्रे नावाचा पुण्याचा डिप्लोमावाला तेवढा जवळ आला. केसांना सुगंधी तेल, टोकदार मिशी, हातात जाड इंग्रजी पुस्तक. "केव्हा झालं?" त्याने हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं. तो इतका हसला की पुस्तक खाली पडलं. त्या दिवसापासून तो माझा मित्र.

आत दोघे बसले होते. एक कंपनीचे चालक रुस्तमशेठ, पारशी, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा. दुसरे नानासाहेब, पंचवटीतल्या एका देवळाचे मुख्य पंच. कंपनीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक ते देऊळ. गाभाऱ्यापर्यंत वीज न्यायची होती, म्हणून माणसं निवडायला नानासाहेब जातीने हजर.

गद्र्याला विचारलं, वीज म्हणजे काय? तो इतका वेळ बोलला की रुस्तमशेठांचा चहा निवला. मग मला तेच विचारलं. मी म्हटलं, "साहेब, दिसत नाही, पण लागते."

"लागली आहे कधी?" रुस्तमशेठ.

"पुष्कळदा."

"मग हा अनुभवी आहे," असं म्हणून त्यांनी पुढे वायरचे दोन तुकडे ठेवले. "जोडून दाखव."

मी हात पुढे केला आणि नानासाहेब खुर्चीसकट मागे सरकले. "थांबा! मुलाकडे पाहा तरी. सुतकात आहे तो. आज ही तार जोडील, उद्या देवळातली. तीच तार गाभाऱ्यात जाणार."

मी म्हटलं, "नानासाहेब, माझे वडील आहेत."

त्यांचे डोळे पाणावले. "आहेत, बाळ, आहेतच. ते कुठे जाणार? वर आहेत."

"वर नाहीत, वेंगुर्ल्याच्या अलीकडे आहेत."

"पुण्यवान माणसं कुठेही असू शकतात," नानासाहेब म्हणाले आणि रुस्तमशेठांकडे वळून आवाज उतरवला, "अजून मनाने मानलेलं नाही बिचाऱ्याने."

रुस्तमशेठ व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "अरे, पण तो रबराचे हातमोजे घालेल ना! रबरातून वीज जात नाही, तर सुतक कसं जाईल?"

"रबर सोवळ्यात चालत नाही."

"मग रेशमाचे शिवून देतो. रेशीम तुमच्या सोवळ्याला चालतं, आणि रेशमातून वीज पण नाही जात."

नानासाहेब विचारात पडले. हे त्यांना नवीन होतं. "आणि शिडी?"

"लाकडाची. लाकडातून नाही चढत."

"का नाही? विटाळ देवळाच्या पायऱ्या चढतो, मग शिडी का चढणार नाही?"

गद्रे मध्ये पडला. त्याने कागदावर रेघा काढून दाखवलं की सुतकाला अर्थिंग दिलं तर ते जमिनीत जाईल. नानासाहेबांनी विचारलं, जमिनीत गेल्यावर ते देवळाच्या विहिरीत उतरणार नाही कशावरून? गद्र्याने कागद उलटा करून ठेवला. वायरचे दोन तुकडे टेबलावर तसेच पडून होते आणि मी हात पुढे करून तसाच उभा.

शेवटी रुस्तमशेठांनी टेबलावर थाप मारली. गद्रे इंजिनिअर, हे ठरलं. मदतनिसाची जागा सोमवारपर्यंत मोकळी ठेवायची. "बाप जिवंत आहे म्हणतोस ना? मग बापाची तार आण. बापाने स्वतः लिहायचं, मी जिवंत आहे. तार आली की नोकरी. नाही आली तर दुसरा माणूस घेईन, मला देवळात दिवे लावायचे आहेत."

"साहेब, कार्ड चालेल?"

"कार्ड सोमवारपर्यंत पोचेल का?"

पोचणार नव्हतं. मी पोस्टात गेलो. गद्र्याने इंग्रजीत मजकूर लिहून दिला: वडील जिवंत असल्यास तारेने कळवा. तो कागद खिडकीतून आत सरकवताना बाबांचं बंदरावरचं बोलणं कानात वाजत होतं. पण हात सरकला.

सगुणामावशीचा मळा

करीमचाचांनी मला गंगेकाठच्या (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) एका मळ्यात मुक्कामाला उतरवलं होतं. सगुणामावशी म्हणजे झेंडू, शेवंती आणि वांगी. मळ्यात राबायचं आणि सकाळी फुलांच्या पाट्या घेऊन रामकुंडावर बसायचं, असा तिचा दिनक्रम. माझा अवतार पाहून तिने आधी हंबरडा फोडला. खरं कळल्यावर तेवढ्याच जोराने हसली, आणि मग म्हणाली, "थंडीनं डोकं फुटंल रं तुजं," आणि आपल्या नवऱ्याची जुनी कानटोपी माझ्या डोक्यावर चढवली.

इथलं जेवण मला पहिले दोन दिवस गिळेना. नारळ औषधाला नाही. आपण जिथे खोबरं घालतो तिथे ही माणसं शेंगदाण्याचं कूट घालतात. मासा म्हटलं तर मावशी नदीकडे बोट दाखवून कानाला हात लावते. पण बाजरीची भाकरी चुलीवरून उतरून थेट हातात, वर वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा! तिसऱ्या दिवशी मी मागून घेतलं. मी माझी आमसुलं काढली. मावशीने आमटीत चार टाकली आणि रस लाल झालेला पाहून म्हणाली, "ह्याच्यापायी तुजी मिशी गेली व्हय? चव बरी हाय पर."

तार मात्र येईना.

सोमवार आला. मी कचेरीत गेलो, पोस्टमन येऊन गेला, माझ्या नावाचं काही नव्हतं. रुस्तमशेठांनी मान हलवली आणि आणखी दोन दिवस दिले, माझ्याकडे न बघता. नानासाहेबांनी विचारलं, पिंडदानाला कोणी भटजी पाहिला आहे का. गद्रेसुद्धा आता हसेना. "उत्तर नाही म्हणजे..." एवढंच म्हणून तो पुस्तक चाळायला लागला.

तोवर मला नोकरीची काळजी होती. त्या दिवसापासून दुसरीच लागली. बाबा तारेला उत्तर देणार नाहीत असं होणारच नाही. पावसाळ्यात भरल्या खाडीत होडी घालणारा माणूस. होडी म्हणजे होडी. उलटायला वेळ लागतो का? घाटावर ज्याला त्याला "माझे वडील जिवंत आहेत" सांगत फिरणारा मी, आता कोणी हळहळलं की गप्प बसून ऐकून घ्यायला लागलो. मावशीने एकदा माझ्या पानात गोड वाढलं नाही. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मनात एकच बोच: मी तार केली, आणि तार मरण घेऊन येते.

पुन्हा रामकुंड

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मावशीची शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन मी घाटावर उतरत होतो. दगडूनानासमोर एक माणूस बसला होता. खाली मान, गालांवरून पाण्याच्या धारा, मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. दगडूनाना नेहमीप्रमाणे काही न विचारता काम करत होता. डोकं झालं होतं. अर्धी मिशी झाली होती. उरलेली अर्धी मी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखली असती.

"बाबा!"

पाटी पडली. शेवंती पायऱ्यांवरून थेट गंगेत. बाबांनी वर पाहिलं, माझं तुळतुळीत डोकं पाहिलं, मिशी नसलेलं तोंड पाहिलं, आणि ते घाबरून दगडूनानाच्या मागे सरकले.

"झिला," ते म्हणाले, "तू जितो आसस?"

"मी आहे! तुम्ही आहात ना?"

"मी आसंय. पण तू गेल्लस."

मूठ उघडली तर तिच्यात माझी तार. लखोटा फोडलेलाच नव्हता. पोस्टमनने "नाशकाची तार" एवढंच सांगितलं आणि आईने अंगणात बसकण मारली. गावात इंग्रजी वाचणारे मास्तर होते, बाबांनी त्यांनाही हात लावू दिला नाही. "फोडूक नाय तवसर खरा होवक नाय," फोडली नाही तोवर खरं नाही, असं म्हणून ते तसेच बोटीवर चढले. नाशिकरोडला करीमचाचांनी त्यांचं तोंड पाहिलं, काही विचारलं नाही, आणि त्यांना थेट रामकुंडावर आणून सोडलं.

मी बाबांना धरून रडलो. बाबाही. दगडूनाना हातात वस्तरा धरून उभा होता, तो म्हणाला, "आता हालू नका तेवढं. अर्धी ऱ्हायली हाय."

अर्धी मिशी ठेवून कुठे जाणार? तीही गेली. दोघांनी कुंडात बुडी मारली आणि ओल्या अंगाने कचेरीकडे पळालो, कारण मुदत दुपारपर्यंतच होती.

देऊळ

"हे माझे वडील," मी धापा टाकत म्हटलं. "जिवंत आहेत."

रुस्तमशेठ खूश झाले. नानासाहेब मात्र बाबांच्या डोक्याकडे पाहत होते. मग ओठाकडे. मग त्यांनी सावकाश विचारलं, "यांचे कोण गेले?"

ही अडचण आमच्या लक्षातच आली नव्हती.

"कारण यांचे वडील गेले असतील," नानासाहेब पुढे म्हणाले, "तर ते मुलाचे आजोबा. नातवाला सुतक आहेच. म्हणजे आपण होतो तिथेच आलो."

बाबांनी आयुष्यात कधी खुर्चीवरच्या माणसाला उत्तर दिलेलं नाही. त्या दिवशी दिलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझो झील गेल्लो."

"अरेरे. कोणता?"

"हो," म्हणत त्यांनी मलाच पुढे ढकललं.

मग रुस्तमशेठ असे हसायला लागले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "नानासाहेब, पोराचा बाप मेला, बापाचा पोरगा मेला, आणि दोघे भिजून माझ्या कचेरीत उभे! आता तरी लाईन जोडू?"

नानासाहेब हसले नाहीत. न्यायाला बसलेला माणूस हसत नाही. त्यांनी डोळे मिटले, बोटांवर काही मोजलं आणि निकाल दिला: दोघांनी एकमेकांचं सुतक धरलं, दोघे एकमेकांना जिवंत सापडले, तेव्हा ते परस्पर फिटलं. वर रामकुंडावर क्षौर आणि स्नान दोन्ही झालेलं. "म्हणजे आता या कचेरीत या दोघांइतकं शुद्ध कोणीच नाही." असं म्हणून ते स्वतःच चमकले आणि त्यांनी गद्र्याकडे पाहिलं. "गाभाऱ्यात तारेला हात लावणारा असाच हवा. इंजिनिअरसाहेब, तुमचं काय?"

गद्र्याचा हात आपोआप मिशीवर गेला. "मी सभामंडपातून देखरेख करीन," तो म्हणाला.

आणि अशी मला मदतनिसाची नोकरी लागली. गद्रे बाहेर पुस्तक उघडून ओरडायचा, मी आत शिडीवर आणि बाबा शिडी धरून, कारण होडीवाल्याच्या हाताला डगमग चालत नाही. चुकलो की गद्रे आत न येता मला समजावून सांगायचा, न चिडता, पुन्हा पुन्हा. जे काही शिकलो ते त्या खांबाआडच्या आवाजाकडून शिकलो. दिवा लागला त्या दिवशी लोकांनी आधी दिव्याला हात जोडले आणि मग देवाला. सगुणामावशीने स्विचला झेंडूचं फूल खोचलं. दगडूनानाही आला होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, "बघ, मिशी गेली पर वाया नाय गेली."

काम झाल्यावर बाबांनी बोचकं बांधावं ना? बांधेनात. "अशा तोंडान घराक गेलंय तर तुझी आवस काय समजात? मिशी येयसर मी हलूचंय नाय." खरंच होतं ते. आईला दोघांच्या सहीचं कार्ड घातलं आणि बाबा मळ्यात राहिले. दिवसा मावशीच्या वाफ्यांना पाणी लावायचे, संध्याकाळी मी येईपर्यंत भाकरीला थांबायचे. घर सोडून आलेल्या माणसाला परमुलखात बाप सोबतीला मिळतो, असं कोणाचं नशीब असतं?

रोज सकाळी ते मावशीच्या फुटक्या आरशात तोंड बघायचे आणि मला विचारायचे, "झाली काय रे? आता जाव?"

पौष गेला, माघ गेला. मिशी चांगली दोन्ही बाजूंनी वळली, तिला पीळसुद्धा बसायला लागला. बाबा आरसा घेऊन माझ्यापुढे उभे राहायचे आणि मी नीट निरखून बघितल्यासारखं करून सांगायचो, "नाही बाबा, अजून थोडी वाढू द्या."

तेही आरसा खाली ठेवून, तिला बोट न लावता, म्हणायचे, "माकाय तसाच दिसता."